मखर उतरवलं आणि भिंतही सोलून आली

गेल्या दिवाळीआधी डोंबिवलीच्या आमच्या जुन्या फ्लॅटला रंग लावून घेतला. यंदा पाच दिवसांचा गणपती झाला आणि सहाव्या दिवशी मखर उतरवताना मागच्या पडद्याची चिकटपट्टी ओढली, तर पट्टीबरोबर हातभर रंग निघून आला. केळ्याचं साल निघावं तसा, सलग. रंगाच्या मागच्या बाजूला पांढरी भुकटी, भिंतीवरही तीच. बोट फिरवलं तर रांगोळीत बुडवल्यासारखं झालं.

वर्षही पुरं झालं नव्हतं. हिशेबाच्या कागदावर ठेकेदाराच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘प्रायमर २ हात’. म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दोनदा.

हा ठेकेदार ओळखीतून आलेला. बोलायला इतका गोड की मोजमाप घेता घेता सासूबाईंच्या गुडघ्यांचीही चौकशी केली. कार्पेट ६२० चौरस फूट, भिंती आणि छत धरून २,१५० भरलं. मालासकट २६ रुपये दर, म्हणजे ५५,९०० रुपये. हे माप मात्र खरं होतं, नंतर मी स्वतः टेप लावून पाहिलं. चोरी मापात नव्हतीच.

पहिल्या दिवशी प्रायमरची २० लिटरची सीलबंद बादली त्याने आमच्यासमोर फोडली. ‘वहिनी, बघून घ्या, नंतर म्हणू नका.’ मी बघितलं, भारावले आणि सव्वाआठची लोकल पकडायला पळाले. आम्ही दोघंही नोकरीवाले, घरी फक्त आई, म्हणजे सासूबाई. रात्री त्या म्हणाल्या, ‘अगं, आमच्या वाड्यात चुना मारायचे तसंच दिसतंय हे. रंगाचा वासही नाही.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यालाच विचारलं. तो हसून म्हणाला, ‘आजी, हल्लीच्या प्रायमरला वास नसतो.’

त्याची सगळी उत्तरं अशीच होती, अर्धी खरी. वॉटर बेस प्रायमरला वास कमी असतो, हे खरंच आहे. त्यात पाणी घालतात, तेही खरं. काही प्रायमरमध्ये बरोबरीने पाणी चालतं, तसं डब्यावर छापलेलं असतं. ‘व्हाइट सिमेंटच्या पुट्टीखाली प्रायमर लागत नाही’ (पुट्टी म्हणजे भिंत गुळगुळीत करणारा लेप) असं तो म्हणाला, त्यातही खोट नाही. त्या पुट्टीला खाली ओलसर, खरवडलेली भिंत लागते. (अ‍ॅक्रिलिक पुट्टीचं वेगळं, तिच्या खालीही प्रायमर हवा.) पण पुट्टी घासून झाली की तिच्यावर प्रायमर लागतोच, ते वाक्य त्याने गाळलं. खालचा हात लागत नाही म्हणून वाचवला, वरचा कोणी बघत नाही म्हणून वाचवला, आणि पैसे दोन्ही हातांचे घेतले.

मग मारलं काय? हे आम्हाला दुसऱ्या रंगाऱ्याने दाखवलं. त्याने तळहात ओला करून भिंतीवर घासला, हात पांढराफटक. त्याच्या मते खडूची पावडर, थोडा डिंक आणि रंगापुरता प्रायमर. घासलेल्या पुट्टीची धूळही पुसलेली नव्हती. कोरडी पुट्टी टीपकागदासारखी असते. वरून मारलेल्या इमल्शनमधलं (भिंतीच्या वॉटर बेस रंगातलं) पाणी ती पटकन ओढून घेते, रंगाची पापडी नीट धरत नाही आणि जी धरते ती भिंतीला नाही, धुळीला चिकटते. आमचा हॉल वर्षभर धुळीवर उभा होता. इतके महिने टिकला तो केवळ कोणी हात लावला नाही म्हणून.

हिशेब तेव्हाच करायला हवा होता. लिटरला साधारण शंभर-सव्वाशे चौरस फूट एक हात होतो. २,१५० फुटांना दोन हात म्हणजे जवळपास दोन बादल्या. घरात एकच आली, आणि तीही संध्याकाळी कुठे गेली ते कळलं नाही. ‘रिकाम्या बादल्या आमच्या, तशी पद्धतच असते,’ म्हणत शेवटी रंगाच्या बादल्याही त्याने नेल्या. आम्ही वर पिशवीही दिली!

खिडक्यांच्या ग्रिलचंही तेच. कागदावर रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाला लावायचा गंजरोधक प्रायमर; प्रत्यक्षात गंजावर सरळ काळा तेलरंग. रेड ऑक्साइड मातकट तांबडा असतो. तो मारल्यावर निदान एक रात्र तरी आमच्या खिडक्या विटेच्या रंगाच्या दिसायला हव्या होत्या. तशा त्या कधी दिसल्या नाहीत, आणि हे मला सुचलं पहिल्या पावसात गंजाचे ओघळ आल्यावर.

सर्वात जास्त राग येतो तो बाथरूमशेजारच्या भिंतीचा. तिथे ओल होती. त्याने ‘डॅम्पप्रूफ प्रायमर’ म्हणून ४,५०० रुपये वेगळे घेतले. आतला पाइप गळत होता. प्लंबरने फरशी फोडून तो बदलला तेव्हा कुठे ओल थांबली. मागून पाणी येत असेल तर पुढून कुठलाही प्रायमर मारा, पोपडे येणारच.

फोटो पाठवले. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. चार दिवसांनी फोन उचलला तेव्हा म्हणाला, ‘खाडीची हवा आहे वहिनी, त्याला मी काय करू?’ ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावायला घेतला आणि हातातल्या कागदाकडे पाहिलं. वहीचं पान. नाव नाही, सही नाही, जीएसटी नंबर नाही. सगळे पैसेही रोख दिलेले, कारण ‘रोख दिलेत तर दोन हजार सोडतो’.

आता फक्त हॉल परत करून घेतला, १९,००० रुपये गेले. या वेळी माल मी स्वतः दुकानातून बिलावर आणला, रंगाऱ्याला फक्त मजुरी. प्रायमरच्या दिवशी रजा टाकली. पुट्टी घासल्यावर ओल्या फडक्याने पुसून घेतली. प्रायमर वाळल्यावर कोरडा तळहात फिरवला, पांढरं आलं नाही. पाण्याचे थेंब उडवले. नुसत्या पुट्टीवर ते लगेच मुरून डाग पडतो, इथे थोडा वेळ थेंब ठरले. मग भिंतीचा फोटो काढला, तारखेसकट, आणि मगच रंगाचा डबा उघडू दिला. रंगाऱ्याला हे सगळं जरा अपमानाचं वाटलं असावं, पण तो काही बोलला नाही. आईंनी त्याला दोनदा चहा दिला.

बेडरूम अजून तशाच आहेत. तिथे कॅलेंडर खिळ्यालाच टांगतो आणि मुलीला सांगून ठेवलंय, भिंतीवर स्टिकर लावायचा नाही. रिकाम्या बादल्या या खेपेला बाल्कनीत आहेत. एकीत आईंनी गवती चहा लावलाय.