क्षयरोग तपासणी: जीनएक्सपर्ट की ट्रूनॅट?

दोन्ही यंत्रं थुंकीतून क्षयाचे जंतू आणि रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला जंतूंचा होणारा विरोध शोधतात. फरक पडतो तो यंत्र कुठे ठेवणार यावर.

जीनएक्सपर्टमध्ये हाताचं काम थोडं. थुंकीच्या दुप्पट रिएजंट (तपासणीचं रसायन) घाला, हलवा, 15 मिनिटं थांबा, 2 मिली कार्ट्रिजमध्ये (एकदाच वापरायच्या चाचणीच्या डबीत) सोडा. दोन तासांच्या आत दोन्ही उत्तरं एकदम येतात. पण त्याला अखंड वीज हवी आणि खोली 30 अंशांच्या आत. मध्येच वीज गेली की कार्ट्रिज वाया. 2023 मध्ये गरीब देशांसाठी एका कार्ट्रिजची किंमत 9.98 वरून 7.97 डॉलरवर आली, तरी एसी-इन्व्हर्टरचा खर्च वेगळाच.

गोव्यातल्या मोल्बायो कंपनीचं ट्रूनॅट बॅटरीवर, 40 अंशांपर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याची शिफारस केली. क्षयाचं उत्तर तासाभरात मिळतं. मात्र रिफॅम्पिसिनसाठी दुसरी चिप (चाचणीची छोटी पट्टी) आणि आणखी तास लागतो. शिवाय थुंकीतून काढलेल्या डीएनएचे 6 मायक्रोलिटर पिपेटने (अगदी थोडा द्रव मोजून उचलणाऱ्या नळीने) घ्यावे लागतात. बुडबुडा शिरला तर चाचणी फसू शकते.

म्हणून उन्हाने तापणाऱ्या, वीज जाणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ट्रूनॅटच, पण पिपेटचा सराव झालेल्या तंत्रज्ञासह. जिल्हा रुग्णालयात, नमुने जास्त असतील तिथे, जीनएक्सपर्ट.