मिररलेस कॅमेरा की ब्रिज? घरच्या सहलींपुरतं बोलायचं तर

पाऊस लागला की बेळगावात रविवारी घरात बसवत नाही. गोकाक, गोडचिनमलकीचे धबधबे, जांबोटीचा रस्ता, नाहीच जमलं तर राजहंसगड. अशा फेऱ्यांसाठी फोनपेक्षा बरा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की गाडी दोन पर्यायांवर येऊन थांबते: लेन्स बदलता येणारा मिररलेस, सोबत मिळणाऱ्या साध्या झूम लेन्ससकट (तीच किट लेन्स), नाहीतर लांब झूमची लेन्स कायमची बसवलेला ब्रिज, ज्यात फोटो टिपणारा सेन्सर ‘एक इंची’ म्हणतात तो असतो. माझा मिररलेस होता. साडूंचा ब्रिज गेल्या पावसाळ्यात मागून आणला तो दिवाळीपर्यंत परत गेलाच नाही.

आधी मिररलेसचं कौतुक. हलशीला भूवराह नरसिंह मंदिरात दुपारीसुद्धा अंधार असतो. तिथल्या काळ्या खांबांचे मी दोन्हींनी फोटो काढले. मिररलेसच्या फोटोत दगडाचा पोत दिसतो, ब्रिजच्या फोटोत सावलीत थोडे रव्यासारखे दाणे दिसतात. माझ्या मिररलेसचा सेन्सर ब्रिजच्या क्षेत्रफळाने साधारण तिप्पट, त्यामुळे हे व्हायचंच. फक्त झूम पूर्ण ओढलात की किट लेन्स एफ ६.३ च्या आसपास जाते आणि साडूंच्या ब्रिजची एफ ४ वर राहते (हा आकडा जितका मोठा तितका लेन्समधून उजेड कमी). मोठ्या सेन्सरने कमावलेलं बरंचसं लेन्स तिथे घालवते. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

वजनातही मिररलेस जिंकतो. लेन्ससकट अर्धा किलोच्या आसपास. साडूंचा ब्रिज किलोच्या वर. राजहंसगडाच्या चढावर मान बोलायला लागते.

आता माझं ज्यावरून बिनसलं ते. माझी किट लेन्स घडी होणारी. बटण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही, आणि रिंग मागे जास्त फिरली की पुन्हा मिटते. मला सवय होती, म्हणून कधी जाणवलं नाही. जुलैत गोकाकला घटप्रभा नदी भरून चालली होती. आई, आत्या, बायको, दोन्ही पोरं ओळीत उभी केली आणि शेजारच्या एका गृहस्थांच्या हातात कॅमेरा दिला. "एल्ली ओत्तबेकु री?" त्यांनी विचारलं. दाखवलं कुठे दाबायचं ते. मी ओळीत जाऊन उभा राहतो तोवर त्यांनी हौसेने रिंग फिरवली. लेन्स मिटली, स्क्रीन काळा, त्यावर इंग्रजीत काहीतरी सूचना. "एनू काणस्तिल्ल री." काहीच दिसेना. मी धावत गेलो, उघडून दिली, परत आलो. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेपर्यंत तुषारांनी आईने पदर डोक्यावर घेतला होता, धाकटा कणसाच्या गाड्याकडे पसार, आणि आत्या म्हणाली, "मोबाईलवर काढ की रे, कशाला ताप!" फोटो मोबाईलवरच निघाला.

घरी येऊन वर्षभराचे फोटो चाळले. पाच-सहा सहली, आणि मी एकाही फोटोत नाही. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात टिकतच नव्हता.

साडूंचा ब्रिज चालू केला की लेन्स आपली आपण बाहेर येते. एक-दोन सेकंद जातात, तेवढं खरं. पण नंतर कुणीही दाबावं. हिडकल धरणावर आत्याने काढलेल्या फोटोत मी आहे, एक डोळा मिटलेला, पण आहे. शिवाय पोरं पाण्याच्या कडेने लांब पळाली तरी जागेवर बसून झूमने त्यांच्यापर्यंत पोचता येतं. लेन्स बदलायची नाही, त्यामुळे खानापूरकडची तांबडी धूळ सेन्सरवर बसायची भीतीही नाही.

माझं म्हणणं सगळ्यांना लागू होईल असं नाही. कार्यालयातली लग्नं, देवळातली आरती, रात्रीचे गणपती हेच तुमचं मुख्य काम असेल तर मिररलेसच घ्या, आणि किट लेन्स सोडून एखादी प्राइम लावा, म्हणजे झूम नसलेली पण जास्त उजेड घेणारी लेन्स. घडी न होणारी किट लेन्स मिळाली तर माझी अर्धी तक्रार तिथेच मिटते. तरीही सहलीला मी आता ब्रिजच नेतो. साडूंचा परत करून जुन्या बाजारातून माझा स्वतःचा घेतला.

तसाच घेणार असाल तर दुकानात झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार-पाच वेळा चालवून कान लावा. घरघर आली तर सोडून द्या. नंतर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून ठिपके बघा, कारण ब्रिजच्या आत एकदा धूळ गेली की ती घरी काढता येत नाही.