पर्यावरणाचं राजकारण : एम.ए.चा हा ऐच्छिक पेपर घ्यावा का?

राज्यशास्त्राच्या एम.ए.त हा साधारण चार क्रेडिटचा, म्हणजे साठ तासांचा पेपर असतो. पहिलं युनिट स्टॉकहोम १९७२ ते पॅरिस २०१५ अशी परिषदांची यादी. रटाळ आहे, पण एका रविवारी उरकतं.

खरी गंमत पश्चिम घाटाच्या युनिटात. घाट कसा जपायचा यावरचे दोन सरकारी समित्यांचे अहवाल, गाडगीळ (२०११) आणि कस्तुरीरंगन (२०१३), शेजारी ठेवून वाचा. गाडगीळ समितीने सगळा घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर पाडले आणि निर्णयात ग्रामसभेला जागा दिली. कस्तुरीरंगन गटाने उपग्रहचित्रांवरून सुमारे ३७ टक्के भागच निवडला. वाद झाडांचा नाही, ठरवायचं कोणी याचा आहे. मार्क जातात ते इथेच : पोरं प्रदूषणाचे दुष्परिणाम लिहीत बसतात, अधिकार कुणाचा हे लिहीतच नाहीत.

तुमच्या प्रकल्प-अहवालासाठी जनसुनावणी हा विषय घ्या, म्हणजे खाण-कारखान्याला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांच्या हरकती ऐकायची बैठक. २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी नोटीस लागते आणि मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. एखाद्या सुनावणीचं इतिवृत्त उघडा, हरकत एका रंगाने, कंपनीचं उत्तर दुसऱ्या रंगाने खुणावा. 'नोंद घेतली' एवढंच उत्तर किती वेळा आलं ते मोजलं की निम्मं प्रकरण तयार.

मराठी माध्यमवाल्यांची अडचण खरी आहे : वाचनयादी जवळपास सगळी इंग्रजी. वनहक्क कायदा आणि त्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणारं गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव इथून सुरुवात केली तर मराठीत साहित्य मिळतं. गाईडच्या भरवशावर मात्र राहू नका. बहुतेकांत ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरची खाण नाकारणाऱ्या बारा ग्रामसभांना जेमतेम दोन ओळी असतात.