पानझडी जंगलात वटवाघळांची नोंद: जाळं की रेकॉर्डर?

हवेत ताणलेल्या बारीक जाळ्यात काही जातींची वटवाघळं सापडतात आणि त्यांचे माणसाला न ऐकू येणारे आवाज टिपणाऱ्या रेकॉर्डरवर दुसऱ्या जातींची, हे या कामात पडलेल्यांना नव्यानं सांगायला नको. पैसा आणि माणसं मोजकी असताना भर कशावर द्यायचा, हा खरा प्रश्न. सदाहरित जंगलात गणित कदाचित वेगळं निघेल. कोरड्या पानझडी जंगलात मी रेकॉर्डरकडे झुकलोय.

जाळ्याचं मोल मी कमी लेखत नाही. वटवाघूळ हातात आलं की नर-मादी कळते, मादी गाभण आहे की पाजती हे कळतं, पंखाच्या पडद्याचा चिमुकला तुकडा घेऊन डीएनएवरून जातीची खात्री करता येते. आफ्रिका-आशियातली फळं खाणारी मोठी वटवाघळं बहुतेक प्रतिध्वनीवरून वाट शोधायचे आवाज काढतच नाहीत, आणि अमेरिका खंडातली फिलोस्टोमिड कुळातली वटवाघळं इतक्या हळू आवाजात बोलतात की अगदी माइकजवळून गेली तरच सापडतात. तुमचा विषय परागण किंवा बीजप्रसार असेल, तर बिनदिक्कत जाळं घ्या.

माझं मन उडालं ते पानगळीत. संध्याकाळी जाळं नीट ताणून बांधावं, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की वाळकी पानं, देठ, काटक्या त्याच्या कप्प्यांत येऊन बसतात. पान ओढलं की बोटांत चुरा होतो आणि देठ मात्र दोऱ्यांत गुरफटून तसाच राहतो. हेडलँपच्या उजेडात रात्रभर हेच वेचत बसायचं. एवढं करूनही पानं लटकलेलं जाळं वटवाघळाला लांबूनच कळतं, आणि सगळीकडे उघड्या झालेल्या जंगलात त्याला बाजूनं निघून जायला वाटच वाट असते. पावसाळ्यात मात्र पायवाटेवरच्या त्याच जाळ्यात चांगली वटवाघळं येतात, कारण दोन्हीकडचा दाट पाला त्यांना वाटेवरूनच उडायला लावतो. मग दोन ऋतूंतला फरक वटवाघळांचा की जाळ्याचा? या जंगलात ऋतुबदल हाच अभ्यासाचा गाभा, आणि तिथंच जाळ्याचा आकडा डळमळतो.

रेकॉर्डरलाही ऋतू छळतोच. पावसाळ्यात लांब मिशांचे नाकतोडे रात्रभर अल्ट्रासाऊंडमध्ये, म्हणजे आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच आवाजात, किरकिरतात, कार्ड त्यांनीच भरतं. पण तो गोंगाट स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या चित्रात) उघड दिसतो, त्या रात्री बाजूला काढता येतात. रिकामं जाळं असं काहीच सांगत नाही. शिवाय झाडांच्या शेंड्यांवरून उडणारी मोलोसिड कुळातली वटवाघळं जमिनीजवळच्या जाळ्यात क्वचितच येतात, रेकॉर्डरवर ती सहज उमटतात.

रेकॉर्डरचा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) शक्यतो 384 किलोहर्ट्झ ठेवा. रेटच्या निम्म्यापर्यंतचेच आवाज टिपले जातात, म्हणून 256 वर 128 च्या वरचं काही नोंदलं जात नाही, आणि हिपोसिडेरॉस या वटवाघळांच्या प्रजातीतल्या काही छोट्या जाती त्याच्याही वर ओरडतात. आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर पिपिस्ट्रेलसारख्या, मिळत्याजुळत्या आवाजांच्या छोट्या वटवाघळांच्या गटाला ठामपणे जातीचं नाव देत असेल, तर मी नोंद गटापुरतीच ठेवतो.

जाळी विकू मात्र नका. उन्हाळ्यात उरलेल्या पाणवठ्यावर थोड्या रात्री ती लावाच, माद्या विण्याच्या बेतात असतानाचा काळ सोडून. पकडलेलं वटवाघूळ ओळखून सोडताना त्याचे आवाज नोंदवून ठेवा, म्हणजे रेकॉर्डरच्या फायली ओळखायला तुमच्याच जंगलातला नमुना हाताशी राहतो. हातातून सुटल्या सुटल्या काढलेले आवाज नेहमीसारखे नसतात, म्हणून ते थोडं दूर जाऊन स्थिर उडू लागल्यानंतरचेच धरा.