सर्वोच्च न्यायालयाचे थेट प्रक्षेपण : देश दुभंगणारे वाद मुळातून ऐकण्याची सोय

ज्या प्रश्नांवरून घरातल्या जेवणाच्या वेळी बोलणे बंद होते, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटातून माणसे बाहेर पडतात आणि निवडणुका लढवल्या जातात, ते बहुतेक सारे प्रश्न आपल्या देशात कधी ना कधी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे, म्हणजे घटनेचे मोठे प्रश्न ऐकणाऱ्या किमान पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे, येतात. या सुनावण्या आता कोणालाही घरबसल्या, विनामूल्य आणि नोंदणी न करता पाहता येतात. गेली काही वर्षे ही सेवा नियमितपणे वापरल्यानंतर, एखाद्या वादग्रस्त प्रश्नावर मत बनवण्याआधी प्रत्येक नागरिकाने तिचा उपयोग करावा, असे मी आग्रहाने म्हणेन. तिच्यातल्या उणिवाही मोठ्या आहेत आणि त्यांतली एक तर मराठी माणसाच्या थेट आड येणारी आहे.

या सेवेचा कायदेशीर पाया 26 सप्टेंबर 2018 च्या निकालाने घातला. स्वप्निल त्रिपाठी, इंदिरा जयसिंग आणि इतरांच्या याचिकांवर सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली. प्रत्यक्षात घटनापीठांचे कामकाज दिसू लागायला 27 सप्टेंबर 2022 उजाडला. मधल्या चार वर्षांत काय निसटले, याचे सर्वांत बोलके उदाहरण अयोध्या खटल्याचे आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर 2019 या काळात चाळीस दिवस चाललेल्या त्या सुनावणीत पुरातत्त्व, महसुली नोंदी, ताब्याचा कायदा आणि श्रद्धेचे पुरावे यांवर अत्यंत तपशीलवार युक्तिवाद झाले, पण ते न्यायदालनाबाहेर कोणाला ऐकता आले नाहीत. शेवटच्या दिवशी मुस्लिम पक्षकारांचे वकील राजीव धवन यांनी एक नकाशा फाडला आणि सर्वसामान्यांच्या मनात त्या चाळीस दिवसांपैकी प्रामुख्याने तेवढाच प्रसंग राहिला. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा खटलाही या बाबतीत दुर्दैवी ठरला, कारण प्रक्षेपण सुरू झाले तो त्या सुनावणीचा अखेरचा दिवस होता.

वापरण्याच्या दृष्टीने सेवा साधी आहे. न्यायालयाच्या संकेतस्थळावरून किंवा यूट्यूब वाहिनीवरून सकाळी साडेदहाच्या सुमारास कामकाज पाहायला सुरुवात करता येते. दुपारच्या सुट्टीपर्यंत एक सत्र आणि त्यानंतर दुसरे, असा साधारण क्रम असतो. चित्रफिती नंतरही पाहता येत असल्यामुळे नोकरी करणाऱ्या माणसाला रात्री थोडे थोडे ऐकणे शक्य होते. पडद्यावर कोणी निवेदक नसतो, खाली धावणाऱ्या मथळ्यांची पट्टी नसते आणि पार्श्वसंगीतही नसते. एक वकील एकच मुद्दा तासभर मांडतो, न्यायमूर्ती त्याला मध्येच अडवतात, तो पुस्तकातील पान सांगतो आणि पुन्हा पुढे जातो. ज्यांना वृत्तवाहिन्यांवरील चर्चेची सवय आहे त्यांना पहिला अर्धा तास कंटाळवाणा वाटेल, पण त्यांनी तेवढा अर्धा तास अवश्य सोसावा.

मराठी वाचकाने सुरुवात शिवसेनेतील फुटीच्या सुनावणीपासून करावी, असे मला वाटते. फेब्रुवारी आणि मार्च 2023 मध्ये ती चालू असताना महाराष्ट्रात दररोज संध्याकाळी न्यायमूर्तींची एखाद-दुसरी टिप्पणी उचलली जाई आणि त्यावरून निकाल काय लागणार याचे अंदाज बांधले जात. तीन वर्षे एकत्र नांदलेल्या सरकारबद्दल एकाएकी असे काय घडले, असा प्रश्न सरन्यायाधीशांनी राज्यपालांची बाजू मांडणाऱ्या सॉलिसिटर जनरलना विचारला, तेव्हा एका गटाला विजय दिसू लागला. त्यानंतर लगेचच, 16 मार्चला, दुसरा आणि अधिक कळीचा प्रश्न आला : ज्या मुख्यमंत्र्यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिला, त्यांना न्यायालयाने परत कसे बसवायचे? त्या दिवशी निकाल राखून ठेवला गेला. 11 मे रोजी राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश समर्थनीय नव्हता आणि शिंदे गटाच्या प्रतोदाची (सभागृहात पक्षादेश काढणाऱ्या आमदाराची) नेमणूक बेकायदेशीर होती, असे घटनापीठाने म्हटले, पण उद्धव ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिलेला असल्यामुळे पूर्वीचे सरकार परत आणता येणार नाही, असेही स्पष्ट केले. अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांकडे गेला. ज्यांनी केवळ तुकडे पाहिले होते, त्यांना हा निकाल कोड्यासारखा वाटला आणि दोन्ही गटांनी एकाच दिवशी आपापला विजय जाहीर केला. ज्यांनी सुनावणी सलग ऐकली होती, त्यांना निकालाची दोन्ही टोके आधीच दिसलेली होती. सुनावणीतील प्रश्न म्हणजे निकाल नव्हे, ही गोष्ट या सेवेने मला जितकी स्पष्ट करून दिली तितकी अन्य कशानेही दिली नसती.

याच सुनावणीत, 21 फेब्रुवारी 2023 पासून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे कामकाजाचे शब्दशः लेखन करण्याचा प्रयोग सुरू झाला. ही लेखी प्रत संकेतस्थळावर दिली जाते. माझ्या मते चित्रफितीइतकीच, किंबहुना अभ्यासूंसाठी तिच्याहून अधिक मोलाची ही जोड आहे, कारण हवा तो शब्द शोधता येतो आणि वकिलाने नेमके काय म्हटले याबद्दल वाद उरत नाही.

सेवेचा खरा कस कलम 370 च्या सुनावणीत लागला. 2 ऑगस्ट ते 5 सप्टेंबर 2023 या काळात सोळा दिवस पाच न्यायमूर्तींनी दोन्ही बाजू ऐकल्या. या विषयावर प्रत्येकाचे मत आधीच ठाम असते, माझेही होते. तरीही जम्मू-काश्मीरची संविधान सभा 1957 मध्ये संपल्यानंतर हे कलम रद्द करण्यासाठी लागणारी तिची शिफारस करणार कोण, या प्रश्नावर याचिकाकर्त्यांचे वकील कपिल सिब्बल यांनी केलेली मांडणी आणि तेच कलम मुळातच तात्पुरते असल्याचे सरकारी बाजूचे प्रतिपादन लागोपाठ ऐकल्यावर, समोरच्या पक्षाकडेही कायद्याचा खराखुरा युक्तिवाद आहे, हे मान्य करावेच लागते. 31 ऑगस्टला सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी जम्मू-काश्मीरचा केंद्रशासित दर्जा तात्पुरता असल्याचे, पण राज्याचा दर्जा कधी परत मिळेल याची नेमकी मुदत सांगता येत नसल्याचे न्यायालयाला सांगितले. पुढे 11 डिसेंबरच्या निकालात याच ग्वाहीच्या आधारे राज्याचे केंद्रशासित प्रदेशात रूपांतर वैध होते की नाही, हा प्रश्न न्यायालयाने अनिर्णित ठेवला. एवढा मोठा प्रश्न एका निवेदनावर थांबला, याची मला आजही खंत वाटते, आणि ते निवेदन देशासमोर उघडपणे झाले, हे या सेवेचे मोठे श्रेय मानतो.

समलिंगी विवाहाची 2023 मधील दहा दिवसांची सुनावणीही ऐकण्यासारखी आहे. विरोधक आणि समर्थक दोघांनीही ती पाहावी, विशेषतः संयुक्त बँक खात्यासारख्या रोजच्या अडचणींवरची चर्चा.

उणिवांमध्ये पहिली भाषेची. संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि प्रक्षेपणही त्याच भाषेत येते. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचे, म्हणजे त्यांच्या आरक्षणात जातीगटांनुसार वेगळे वाटे करण्याचे, उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात मातंग समाजाची अ-ब-क-ड वर्गीकरणाची मागणी जुनी आहे आणि तिला दलित समाजातूनच तीव्र विरोधही आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सात न्यायमूर्तींपुढे हा प्रश्न तीन दिवस चालला आणि 1 ऑगस्टला 6 विरुद्ध 1 अशा मताने राज्यांना उपवर्गीकरणाचा अधिकार असल्याचे ठरले. ज्यांच्या मुलांच्या नोकऱ्यांचा हा प्रश्न आहे, त्यांतील बहुसंख्यांना ते युक्तिवाद समजण्याची सोय नव्हती. ही गैरसोय किरकोळ नाही, तिच्यामुळे सेवेचा हेतूच निम्म्यावर येतो.

दुसरी उणीव म्हणजे परक्या मंचावरचे अवलंबित्व. 20 सप्टेंबर 2024 रोजी न्यायालयाची यूट्यूब वाहिनीच हॅक झाली आणि तिच्यावर आभासी चलनाची जाहिरात दिसू लागली. तिसरी अडचण तुकडे कापून पसरवण्याची आहे. यावर उपाय म्हणून प्रक्षेपणच आवरते घेण्याची भाषा अधूनमधून ऐकू येते, ती मला घातक वाटते. कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीवरील बलात्कार आणि हत्येच्या प्रकरणात प्रक्षेपण थांबवण्याची विनंती सप्टेंबर 2024 मध्ये झाली होती आणि न्यायालयाने ती नाकारली. हे धोरण असेच टिकले पाहिजे.

सेवेत भर घालायची असेल, तर न्यायालयाकडे साधने तयार आहेत. निकालपत्रांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत अनुवाद न्यायालय प्रसिद्ध करतेच, आणि घटनापीठांपुढील युक्तिवादांचे शब्दांकनही उपलब्ध होते. त्या शब्दांकनाचाही मराठी अनुवाद संकेतस्थळावर यावा, आणि त्याची सुरुवात उपवर्गीकरणाच्या त्या तीन दिवसांपासून व्हावी.