मधेच डाग पडतात: थांबायचं, गोळी घ्यायची की टी बसवायची?

पाळीला अजून दहा दिवस आहेत आणि चड्डीवर नखाएवढा तपकिरी डाग दिसतो. आधी गरोदरपणाची चाचणी करावी, मग कॅलेंडर काढावं. नुसता डाग असेल तर ठिपका, पॅड लागलं तर फुली, संबंधानंतर आला तर गोल. दोन-तीन महिन्यांच्या अशा खुणा असल्या की डॉक्टरांना निम्मं उत्तर तिथेच सापडतं.

ठिपके दर महिन्याला पाळीच्या साधारण 14 दिवस आधी, एक-दोन दिवसच पडत असतील, तर ते बहुधा बीज फुटतानाचे. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच सुरू केल्या असतील, तर पहिले 3 महिने डाग पडणं नेहमीचंच. मधे गोळी चुकली तर जास्तच. दोन्हीकडे थांबणं हाच उपाय.

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध पाळीत जास्त जात असेल तेव्हाचं. डागांसाठी ते घेणं म्हणजे ठिबकणाऱ्या नळाला धरणाचा दरवाजा! पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांनी डाग थांबतात खरे, पण त्या संपल्या की काही दिवसांत अंगावरून जातंच. तो आजार उलटलेला नसतो, गोळी सुटल्याची ती पाळी असते.

खरी निवड रोजची गर्भनिरोधक गोळी की हार्मोनची टी (गर्भपिशवीत बसवायचं, हार्मोन सोडणारं छोटं साधन), ही. गोळीने पाळीला वेळापत्रक लागतं आणि नको वाटली तर बंद करता येते. मात्र रक्तदाब जास्त, पूर्वी रक्ताची गुठळी, पस्तिशीनंतर धूम्रपान किंवा डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गोळी नको. टी रोज आठवावी लागत नाही, पण पहिले 3 ते 6 महिने तीच डाग पाडते! म्हणून नुसत्या डागांसाठी मी टीची घाई करणार नाही. पाळीतही भरपूर जात असेल, तर मात्र टीच उजवी. (साधी कॉपर-टी वेगळी, तिने रक्तस्राव वाढू शकतो.)

गर्भपिशवीत पॉलिप (आतल्या अस्तराची छोटी वाढ) असेल तर गोळीने तो जात नाही, म्हणून डाग चालूच राहिले तर सोनोग्राफी आधी. कॅलेंडरवर गोल दिसले तर गर्भाशयाचं तोंड तपासून घ्यावं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब दिसला तरी थांबून पाहायचं नाही. आणि चाचणी पॉझिटिव्ह, सोबत ओटीपोटात एका बाजूला कळ किंवा चक्कर असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.