सोसायटीचे हिशेब आणि कॅल्कचे चार्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत आणि गेल्या ऑगस्टपासून खजिनदारपद माझ्याकडे आहे. हिशेब आधीपासून स्प्रेडशीटमध्येच होते, पण सभासदांच्या हातात पडायचे ते आकड्यांचे सहा पानी तक्ते. वार्षिक सभेत सगळे पानं उलटायचे आणि दरवर्षी तोच प्रश्न यायचा, "मेंटेनन्स का वाढला?" उत्तर तक्त्यातच होतं, पण ते कुणाला सापडत नव्हतं. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते, म्हणून मी घाईघाईने चार्ट करायला घेतले. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिबरऑफिस हे सॉफ्टवेअर होतं, २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळं निघालेलं आणि फुकट मिळणारं. त्यातलं कॅल्क, म्हणजे स्प्रेडशीटचा प्रोग्रॅम, मी तेव्हापासून जवळजवळ रोज वापरते आहे.

चार्ट काढणं सोपं आहे. आकडे सिलेक्ट करायचे, इन्सर्टमधून चार्ट घ्यायचा, की चार पायऱ्यांचा विझार्ड उघडतो. पहिल्याच पायरीवर फिनिश दाबलं तरी चार्ट तयार. मी तेच केलं. खर्चाची अकरा खाती, अकरा रंगांचा पाय चार्ट (फोडी केलेलं वर्तुळ), शेजारी लेजेंड (कोणता रंग कशाचा याची यादी), वर शीर्षक नाही. क्लबहाउसच्या भिंतीवर तो मोठा केला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "ताई, पाण्यावर जास्त गेले की सिक्युरिटीवर?" पाण्यावर २१ टक्के आणि सिक्युरिटीवर २३ टक्के गेले होते, पण चार्टकडे बघून मलाही ते सांगता येईना. मला तक्ता उघडून आकडा वाचून दाखवावा लागला.

ती गोष्ट मनाला लागली, म्हणून थोडं वाचलं. पाय चार्ट १८०१ साली विल्यम प्लेफेअरने छापला, स्तंभालेखही त्याचाच, १७८६चा. पुढे १९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संशोधकांनी माणसांना वेगवेगळे आलेख दाखवून तपासलं, तर एका रेषेवर उभ्या केलेल्या लांब्यांची तुलना डोळा पाय चार्टमधल्या कोनांपेक्षा जास्त अचूक करतो असं निघालं. काकांची अडचण नेमकी हीच होती. दोन-तीन भाग असतील आणि एक उघडच मोठा असेल तर पाय चालतो. अकरा भागांचा पाय करू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

मग तेच आकडे आडव्या पट्ट्यांत मांडले. आडव्या यासाठी, की 'लिफ्ट देखभाल करार' किंवा 'सेप्टिक टँक व ड्रेनेज सफाई' ही नावं उभ्या स्तंभाखाली तिरकी होतात आणि मान वाकडी करून वाचावी लागतात. आधी डेटा मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट केला. इथे एक गोष्ट माहीत असावी लागते. आडव्या चार्टमध्ये पहिली ओळ सगळ्यात खाली जाते. नावांच्या अक्षावर राइट क्लिक करून फॉरमॅट ॲक्सिस, स्केल आणि तिथे रिव्हर्स डायरेक्शन यावर टिक केली की सगळ्यात मोठा खर्च वर येतो. त्याने आकड्यांचा अक्षही वर सरकतो, पण मी तो अक्षच काढून टाकते आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाला आकडा लावते. टोकाला आकडा आला की ग्रिडलाइनही नको, लेजेंडही नको. सगळं काढल्यावर उरलं ते नाव, पट्टी आणि आकडा.

आणि शीर्षक. आठ महिन्यांत मला सर्वांत उपयोगी पडलेली सवय ही आहे. आधी मी 'वार्षिक खर्च' असं लिहायचे. आता लिहिते, 'दर १०० रुपयांतले ४४ रुपये पाणी आणि सिक्युरिटीवर'. असं वाक्य सुचत नसेल तर त्या चार्टमधून काय सांगायचंय हे माझं मलाच ठरलेलं नसतं, आणि मग मी तो चार्ट करतच नाही. असे चार-पाच चार्ट आजवर सोडून दिले.

सगळ्यात जपून राहावं लागतं ते शून्याला. फेब्रुवारीत मी सार्वजनिक विजेच्या बिलांचा स्तंभालेख केला. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे आकडे ६१,२००, ६२,५००, ६४,१०० आणि ६६,००० रुपये. वाढ आठ टक्क्यांच्या आत. पण चार्टमध्ये फेब्रुवारीचा स्तंभ नोव्हेंबरच्या कितीतरी पट उंच दिसत होता, कारण अक्ष शून्यापासून सुरूच होत नव्हता. आकडे एकमेकांच्या जवळ असले, साधारणपणे सगळ्यात लहान आकडा सगळ्यात मोठ्याच्या पाच षष्ठांशाच्या वर असला, की ऑटोमॅटिक स्केल अक्ष मधूनच सुरू करतं. एक्सेलमध्येही असंच होतं. रेषेच्या आलेखात हे चालतं, कारण तिथे आपण चढउतार बघतो. स्तंभात आपण उंची बघतो, आणि खालून कापलेली उंची खोटं बोलते. हा चार्ट ग्रुपवर गेला असता तर रात्री बारापर्यंत पंपवाल्यावर संशय घेणारे मेसेज आले असते. स्केलमध्ये मिनिममसमोरची ऑटोमॅटिकची टिक काढून शून्य लिहायला दहा सेकंदं लागतात. आता स्तंभालेख केला की ते मी सगळ्यात आधी तपासते.

रंगांचा धडा नोटीस बोर्डाने दिला. कॅल्क स्वतःहून निळा, भगवा, पिवळा असे रंग लावतं आणि स्क्रीनवर ते छान दिसतात. पण आमची नोटीस निघते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे, काळ्यापांढऱ्यात. पिवळा स्तंभ कागदावर जवळजवळ नाहीसा झाला, लाल आणि हिरवा एकसारखे करडे झाले. शिवाय बऱ्याच पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. आता माझा प्रत्येक चार्ट फिक्या करड्यात असतो आणि ज्याच्याबद्दल बोलायचंय तो एकच स्तंभ गडद निळा. वर्षभराच्या टँकरच्या चार्टमध्ये मे महिना गडद आहे, ६१ टँकर, आणि ऑगस्टमध्ये ४. एकच स्तंभ रंगवायचा तर आधी चार्टवर डबल क्लिक, मग एका क्लिकने पूर्ण मालिका, म्हणजे सगळे स्तंभ, धरली जाते, त्याच स्तंभावर पुन्हा क्लिक केलं की तो एकटा धरला जातो, आणि राइट क्लिकमध्ये फॉरमॅट डेटा पॉइंट. सुरुवातीला हा दुसरा क्लिक जमत नाही, हात बसायला आठवडा लागतो.

मराठीत चार्ट करणाऱ्यांनी फॉन्टचं एक ध्यानात ठेवावं. मी अक्षाचा फॉन्ट १० वरून १६ केला तर इंग्रजी आकडे मोठे झाले आणि 'एप्रिल', 'मे' तसेच बारीक राहिले. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या रकान्यात वेगळा द्यावा लागतो. दोन्ही ठिकाणी १६ केलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या आजींना महिने वाचता आले. स्वल्पविराम लाखाच्या जागी हवे असतील तर सेलच्या फॉरमॅटमध्ये भाषा भारताची निवडावी. चार्ट मूळ सेलचंच फॉरमॅट उचलतो. सहा आकडी रकमा मात्र मी शेजारच्या कॉलममध्ये लाखाने भागून घेते आणि चार्ट त्या कॉलमचा काढते. 'रु. ७,८४,३१२' पेक्षा '७.८ लाख' पटकन डोक्यात जातं.

थकबाकीच्या चार्टबद्दल कमिटीत वाद झाला. दोघांचं म्हणणं होतं की फ्लॅट नंबर टाकून पट्ट्या काढा आणि बोर्डावर लावा. मी नकार दिला. तक्त्यातली ओळ माणूस शोधून वाचतो, चार्टमधली सगळ्यात लांब पट्टी मात्र लिफ्टची वाट बघणाऱ्या प्रत्येक मुलालाही दिसते. ज्या घराची पट्टी सगळ्यात लांब आली असती, त्या घरात आजारपण चालू आहे हे आम्हा कमिटीला माहीत होतं. मी चार पट्ट्या काढल्या : तीन महिन्यांपर्यंतची थकबाकी, तीन ते सहा, सहा ते बारा, आणि वर्षावरची. एकूण रकमेतला निम्म्याहून मोठा भाग वर्षावरच्या पट्टीत होता. मग चर्चा 'कोणाची थकबाकी' यावरून 'कशी वसूल करायची' यावर आली आणि दोन जणांनी हप्ते बांधून घेतले.

नवा महिना भरताना मात्र सांभाळावं लागतं. चार्टच्या रेंजच्या, म्हणजे चार्टसाठी निवडलेल्या ओळींच्या, खाली ओळ लिहिली तर ती चार्टमध्ये येत नाही. म्हणून मी एप्रिल ते मार्च अशा बाराही ओळी आधीच लिहून रेंजमध्ये घेते आणि पुढचे आकडे रिकामे ठेवते. रेषेचा आलेख असेल तर प्लॉट मिसिंग व्हॅल्यूजमध्ये लीव्ह गॅप निवडते, म्हणजे न आलेल्या महिन्यांसाठी रेषा शून्यावर कोसळत नाही. ग्रुपवर टाकायला चार्टवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट ॲज इमेज वापरते. मोबाइलवरून काढलेला स्क्रीनचा फोटो टाकू नये, आकडे फुटतात.

या महिन्याच्या एक तारखेला नवी फाइल उघडली. एप्रिलच्या ओळीत आतापर्यंत १९ टँकर लिहिलेत, बाकी अकरा ओळी रिकाम्या आहेत. गेल्या वर्षीचा चार्ट लिफ्टशेजारी अजून आहे, आणि मेच्या गडद स्तंभाशेजारी कुणीतरी पेनाने लिहिलंय, 'यंदा बोअरचं बघा'. तो विषय मी रविवारच्या कमिटी मीटिंगला घेतला आहे.